डाव्या हाताखालचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची. कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवलं, पण बोलणं काही शिकवलं नाही. म्हणून ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची धाकधूक वाटते.

ज्या घरात मी आले, तिथले आजोबा शाळेत भाषा शिकवत. त्यांची नात ऊठसूट 'कूल' म्हणायची. गाणं कूल, जेवण कूल, गणितात नापास झाली तरी कूल! "अगं, शब्दांचा दुष्काळ पडलाय का?" असं ते डाफरत म्हणे.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर शिकवलेले शब्द गेले आणि, कसा कोण जाणे, नेमका तोच एक उरला.

"बाबा, पाणी हवंय?"

"कूल."

"मग दुखतंय का?"

"कूल."

सून रडकुंडीला यायची. मला मात्र कळायचं, कारण त्यांचा डावा हात माझ्या लाकडी हातावर असे. दोन बोटं वाजली की तहान. नख रुतलं की दुखणं. मूठ आवळली की नको.

नातीनेही ते हेरलं. "मास्तर, आता तुम्ही माझ्या वर्गात!" म्हणत तिने माझ्या चाकांना तेल घातलं. सगळ्या खुणा कागदावर लिहून तो माझ्या हाताखाली चिकटवला. वर लावला तर आजोबांना वाईट वाटेल ना!

पुढे ती वसतिगृहात राहायला गेली. निघताना म्हणाली, "आई, खुर्चीच्या हाताखाली लिहून ठेवलंय गं."

"हो गं बाई, आधी गाडी गाठ!"

ते राहूनच गेलं.

परवा मऊ गादीची नवी खुर्ची आली. "बाबा, आवडली ना?" सुनेने विचारलं. माझ्या हातावर मूठ घट्ट आवळली.

"कूल."

"बघ, खूश झाले!" मुलगा म्हणाला आणि त्यांना उचलू लागला. मूठ सुटेना. "अहो बाबा, सोडा की!"

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. भिंतीपलीकडून तो शब्द येतो. तहान, दुखणं की आणखी काही? आवाजावरून मलाही कळत नाही. मला फक्त हात वाचता येतो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर टाका. फक्त त्याआधी एकदा उलटी करून बघा. माझ्या डाव्या हाताखाली बघा. लवकर बघा.