देलपेकच्या भिंतीपलीकडे

बोलणं हे माझं काम नाही, माझं काम नाकाचं. पण या उन्हाळ्यात आमच्या घरातली माणसं जे बोलायला हवं ते सोडून बाकी सगळं बोलत होती. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं. मी नुगा. नुगा म्हणजे आमच्याकडची बदामाची चिक्की. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून हे नाव. आई मेंढ्या राखायची. बाप कोण, ते गावात कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही.

एका मेंढपाळाच्या गोठ्यात माझा जन्म झाला. आम्ही पाच पिल्लं होतो. आमच्या घरचा थोरला मुलगा एमेरिक आला आणि गवतात चीजची साल लपवून गप्प उभा राहिला. चौघं त्याच्या बुटांच्या नाड्या ओढत बसली. मी साल शोधली आणि खाल्ली. त्याने मला कोटाच्या आत घातलं आणि घरी आणलं. माझं शिक्षण तिथेच संपलं आणि नोकरी तिथेच सुरू झाली.

नोकरी अशी. आमच्या माळावर दगडच दगड, त्यात बुटके ओक. त्या ओकांच्या मुळांशी, जमिनीच्या आत, बटाट्याएवढी काळी अळंबी उगवते. तिला ट्रफल म्हणतात. माणसाच्या नाकाला ती जमिनीवरून कळत नाही. मला कळते. मी पंजा ठेवायचा, एमेरिकने आधी चीज द्यायचं आणि मगच खणायचं. आमच्यात एवढाच करार होता आणि तो त्याने कधी मोडला नाही. तो हाका मारायचा नाही, शिट्टी वाजवायचा नाही. नुसता उभा राहायचा. उभं राहायला येणारी माणसं फार थोडी असतात.

ट्रफलच्या जागा कोणी कोणाला सांगत नाही. बाप मुलाला सांगतो, तेही मरायला टेकल्यावर. एमेरिकचा धाकटा भाऊ जोरिस सारखा विचारायचा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो घरी बसला होता आणि रागही त्याला लवकर यायचा, रडूही लवकर यायचं.

"मला ने की एकदा!"

"तुझ्या तोंडात तीळ भिजायचा नाही. दोन ग्लास पोटात गेले की सगळ्या गावाला नकाशा काढून देशील."

"मग कधी सांगशील?"

"तुला दाढी आली की."

"आली आहे!"

"ती दाढी? मला वाटलं जॅम लागलाय."

मे महिन्यात गवत कापताना उतारावर ट्रॅक्टर उलटला. एमेरिक त्याच्या खाली होता. मी बांधावर होतो. याहून जास्त मला माहीत नाही. जे माहीत आहे, ते वासाचं आहे आणि वास सांगता येत नाही.

अंत्ययात्रेला सगळं गाव आलं. प्रत्येकाने एक हात आमच्या सोलांजबाईंना, म्हणजे मुलांच्या आईला दिला आणि दुसरा मला. दुसऱ्या हातात सॉसेजचा तुकडा असायचा. जागा एमेरिकबरोबर गेल्या होत्या, पण कुत्रा मागे राहिला होता, आणि हे त्या दुःखातही कोणी विसरलं नव्हतं. मी सॉसेज खाल्लं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दफनभूमीत कुत्र्यांना मनाई आहे, म्हणून मी बाहेर थांबलो. बाहेर आणखी एक जण होता, म्हातारा देलपेक. टोपी हातात धरून कुंपणाशी उभा. आमच्या घराची आणि त्याची बोलचाल आजोबांच्या काळापासून बंद. हद्दीवरचं अक्रोडाचं झाड कोणाचं, यावरून भांडण झालं होतं. झाड पुढे विजेने पडलं, भांडण उभंच राहिलं. देलपेकने मला काहीच दिलं नाही. त्या दिवशी हात रिकामा असलेला तो एकटाच.

मग उन्हाळा आला. उन्हाळा कोणासाठी थांबत नाही आणि आमच्याकडे तर तो ठरल्या पद्धतीनेच येतो. दुपारी सगळे खिडक्यांच्या झडपा लावून घेतात आणि अंधारात बसून एकमेकांना सांगतात की ऊन फार आहे. संध्याकाळी जेवणाआधी भूक लागावी म्हणून थोडं खातात. भूक लागली की जेवतात. जेवण जिरावं म्हणून काहीतरी पितात. आणि हावरट कोण, तर मी. भेटले की एकमेकांच्या गालाला गाल लावतात, एकदा या बाजूला, एकदा त्या. आम्हीही भेटलं की हुंगतो. टोक वेगळं, एवढाच फरक. चौकात माणसं लोखंडी गोळे फेकत बसतात, तासन्‌तास, आणि एकालाही वाटत नाही की कुत्र्याला सांगावं, जा, आण. उलट आणला तर शिव्या देतात.

शेजारचं घर उन्हाळ्यापुरतं उघडतं. पॅरिसच्या मादाम रिवोयर येतात. त्यांनी माझ्या नाकाला उन्हाचं मलम लावलं. ज्या नाकावर घर चालतं, त्याला दोन दिवस नारळाचा वास! त्या दोन दिवसांत मला सगळं जग बिस्किटासारखं वाटलं.

जोरिस एमेरिकचे बूट घालू लागला. त्याला ते मोठे होत होते. वास थोरल्याचा, पावलं धाकट्याची. पहिल्या सकाळी मी दाराकडे धावलो. दुसऱ्या सकाळीही धावलो. तिसऱ्या सकाळी कान तेवढा हलवला.

रोज तो मला माळावर न्यायचा. "शोध, नुगा. दाखव. त्याने कुठे नेलं तुला? कुठे?" मी आमच्या हद्दीतल्या जागा दाखवल्या. तिथे थोडं मिळायचं. पण एमेरिक ज्या भरल्या टोपल्या आणायचा, त्या या झाडांच्या नव्हेत, एवढं जोरिसलाही कळत होतं. मी पंजा ठेवला की तो चीज विसरायचा, कुदळ घालायचा, ट्रफल फोडायचा, मग गुडघ्यांवर बसून माझी मान दोन्ही हातांनी धरायचा. "तुला माहीत आहे. तुला माहीत आहे आणि तू सांगत नाहीस. अगदी त्याच्यासारखा!" असं म्हणून बादली लाथाडायचा. मग माझ्या पाठीत तोंड खुपसायचा. पाठ ओली व्हायची. उन्हात लवकर वाळायची.

जुलैत देलपेकने गावच्या महापौराकडून निरोप पाठवला. कुत्रा विकायचा आहे का?

"त्याला?" सोलांजबाई भांडी आपटत म्हणाल्या. "त्यापेक्षा मी स्वतः भुंकायला शिकेन."

पण जोरिस जेवेनासा झाला. सकाळी माझ्याबरोबर बाहेर, संध्याकाळी लाल डोळे. ऑगस्टच्या सुरुवातीला एका दुपारी, झडपा लावलेल्या स्वयंपाकघरात, सोलांजबाईंनी ठरवून टाकलं.

"पंधरा तारखेच्या मेरीच्या सणापर्यंत बघते. नंतर कुत्रा देलपेकला देणार."

"आई!"

"एक पोरगा मातीत घातला. दुसरा माती उकरत फिरतोय. कुत्रा समोर आहे तोवर तू थांबणार नाहीस."

"नुगाला दिलंस तर मीही जाईन."

"कुठे जाशील? तुला साधं अंडं उकडता येत नाही."

मी टेबलाखाली थंड फरशीवर होतो. माझ्याविषयी चाललेलं होतं, पण कोणी खाली वाकून पाहिलं नाही.

आता गुरुवारचं सांगतो. गुरुवारी सकाळी मासेवाल्याची गाडी येते, हॉर्न वाजवते आणि सगळं गाव चौकात रांगेत उभं राहतं. माळावर चिटपाखरू उरत नाही. तो हॉर्न म्हणजे माझ्यासाठी कामाची घंटा. त्याच वेळी एमेरिक मला घेऊन एका ठिकाणी जायचा. हॉर्न वाजल्याशिवाय तिकडे पाऊलही टाकायचं नाही, असं मला शिकवलेलं होतं, आणि मी शिकलेलं विसरत नाही. मेपासून हॉर्न वाजला की मी दारावर उड्या मारायचो. सोलांजबाईंना वाटलं, याच्या तोंडाला मासे लागलेत. म्हणून त्या गुरुवारी मला कोठीत कोंडायच्या आणि जोरिसला मासे आणायला पाठवायच्या. म्हणजे जो माझ्या मागे यायला हवा, तो रांगेत आणि जो पुढे जायला हवा, तो कांद्यांच्या पोत्यांत.

सणाआधीच्या गुरुवारी मादाम रिवोयर जॅमसाठी कांदा मागायला आल्या. कांद्याचा जॅम! कोठीचं दार त्यांनी उघडलं. हॉर्न वाजला. मी त्यांच्या पायांमधून निघालो.

चौकातून जाताना जोरिसने मला पाहिलं. "नुगा!" तो रांग सोडून धावला, हातात मॅकरेल माशांचं पुडकं. त्याला माझ्याइतकं धावता येत नाही आणि ते बूट तर मुळीच धावू देत नव्हते. पण आला. देलपेकच्या दगडी भिंतीला मागच्या बाजूने एक भगदाड आहे. मी त्यातून आत गेलो. तोही आला, ठेचकाळत.

आत ओकांच्या रांगा आहेत. तिसऱ्या झाडाखाली मी पंजा ठेवला. मग पाचव्या. मग सातव्या. मागे वळून पाहिलं तर जोरिस नुसता उभा होता. तो उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"इथे?" तो म्हणाला. "देलपेकच्या इथे? एमेरिक चोरी करत होता?" तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला.

"वरचा दगड हलतो, पोरा. जपून," मागून आवाज आला. देलपेक काठी टेकत आला होता. "तुझा भाऊ दर वेळी त्यावर आपटायचा. आणि दर वेळी शिवी तीच."

जोरिस उठला. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या भिंतीला भगदाड पडलं आणि मला माहीत नसेल? मीच पाडलं ते, चार वर्षांपूर्वी. माझी कुत्री मेली, गुडघा गेला. ट्रफल जमिनीत कुजून जात होती."

"म्हणजे तो चोर नव्हता."

"चोर असता तर बरं झालं असतं, चोराचा हिशेब तरी कळतो. तो गाढव निम्मी माझ्या खिडकीत ठेवून जायचा, उलट्या कुंडीखाली. आणि मोठी मोठी नेमकी माझ्या वाट्यात."

"काय बोलायचा तो?"

"बोलेल कसा? आमची बोलचाल बंद आहे."

"चार वर्षं?"

"चार वर्षं. मी झडपेमागून बघायचो. त्याला माहीत होतं मी बघतो. जाताना टोपीला हात लावायचा. माझ्याकडे न बघता."

मला वाटलं, आता जोरिस शांत होईल. माणसांचा अंदाज मला अजून येत नाही. त्याचा चेहरा लाल झाला.

"मी भाऊ होतो त्याचा! मी रोज विचारायचो! आणि त्याने तुम्हाला सांगितलं!"

"मला त्याने एक शब्दही सांगितला नाही."

"तेच तर म्हणतोय मी!" जोरिस ओरडला. कमरेचा पट्टा काढून त्याने माझ्या गळ्यात अडकवला आणि मला झाडाला बांधलं. "घ्या. तुम्हाला हवा होता ना कुत्रा? घ्या. सगळंच तुमचं होतं, हाही घ्या." आणि भगदाडातून निघून गेला. वरच्या दगडावर आपटला. शिवी दिली. तीच.

देलपेक बराच वेळ त्या भगदाडाकडे बघत राहिला. मग सावकाश खाली बसला, गुडघा धरून. मला थोपटलं नाही, नावाने हाक मारली नाही. आम्ही दोघं एकाच दिशेला बघत बसलो. मॅकरेलचं पुडकं माझ्या पट्ट्याच्या टप्प्यात पडलं होतं. प्रसंग गंभीर होता, हे मला मान्य आहे. पण ऊनही होतं आणि मासे उन्हात टिकत नाहीत.

थोड्या वेळाने जोरिस परत आला. एका हाताने पँट सावरत.

"मासे राहिले," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मासे कुत्र्याने खाल्ले," देलपेक म्हणाला.

"सगळे?"

"कागदासकट."

जोरिस म्हणाला, "मग कुत्रा न्यावा लागेल. आई विचारेल मासे कुठेत."

"न्यावाच लागेल," देलपेक म्हणाला. त्याने पट्टा सोडला आणि जोरिसच्या हातात दिला. पट्टा दोघांच्या हातात थोडा जास्त वेळ राहिला. "मी कुत्रा मागितला तो ट्रफलसाठी नव्हता. गुरुवारी झडप उघडायची सवय झालीय. समोर काहीच नसतं." त्याने काठी उचलली. "तू येत जा. पुढच्या गुरुवारपासून."

"गुरुवारी नाही."

"का?"

"गुरुवार त्याचा आहे."

म्हाताऱ्याने मान हलवली. "मग मंगळवार."

"मंगळवार चालेल."

घरी जोरिसने सगळं एका दमात सांगून टाकलं. पोटात ठेवणं त्याला जमणार नव्हतंच. सोलांजबाई ओट्याला टेकून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मोठी मोठी त्याच्या वाट्यात ठेवायचा?" जोरिस हो म्हणाला. त्या तोंड फिरवून नळ सोडून उभ्या राहिल्या. नळाखाली भांडं नव्हतं. मग म्हणाल्या, "जा मंगळवारी. पण बोलायचं नाही त्याच्याशी. भांडण आहे आपलं."

मेरीचा सण झाला आणि मी कुठेही गेलो नाही. मंगळवारी आम्ही भगदाडातून जातो. जोरिस अजून बडबडतो, पण आधी चीज देतो. परवा टोपलीतली वाटणी करताना त्याचा हात मोठ्या ट्रफलवर थांबला. मग त्याने ती कुंडीखाली ठेवली.

गुरुवारी मला आता कोठीत कोंडत नाहीत. हॉर्न वाजला की मी एकटाच जातो, तिसऱ्या ओकाखाली जाऊन पडतो. समोर झडप उघडी असते. जोरिस माशांच्या रांगेत असतो आणि मला हाक मारत नाही.

तुम्ही कधी उन्हाळ्यात आमच्या बाजूला आलात आणि भिंतीपलीकडे पांढरा-तपकिरी कुत्रा पडलेला दिसला, तर दिवस कोणता ते आधी बघा. गुरुवार असेल तर त्याला खायला देऊ नका, थोपटू नका, उठवूही नका. तो झोपलेला नाही. तो कामावर आहे.