सरकलेलं बटण

“काल इथेच होतं,” आई म्हणाली. तिचं बोट पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर रोखलेलं होतं आणि त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं.

“काल इथे नव्हतं, परवाही नव्हतं. हे बघ, इकडे आहे.” त्याने तिच्या खांद्यावरून हात घालून माउस ओढून घेतला, डावीकडची पट्टी उघडली आणि पुस्तकाच्या छोट्या चित्रावर टिचकी मारली. वर्तमानपत्राचं पान सगळ्या जाहिराती झटकून मोठ्या अक्षरांत समोर आलं. “दिसलं? एकच गोष्ट किती वेळा दाखवायची, आई?”

“मला कोपऱ्यातच आठवतंय रे.”

“तुझं लक्ष नसतं.”

बाजूला काढून ठेवलेला फोन आईने कानाला लावला. “आठ, आहेस ना गं? सापडलं. माझंच लक्ष नव्हतं.” आणि पहिल्या पानावरची मोठी बातमी तिने वाचायला घेतली.

आठ म्हणजे आईची मैत्रीण. दोघींनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, शेजारच्या खुर्च्यांवर. सुपरवायझर नावाने हाक मारत नसे, खुर्चीच्या नंबराने मारी. नोकरी संपली, सुपरवायझर गेला, पण आई सात आणि मैत्रीण आठ त्या कायमच्या. पुढे आठची दृष्टी गेली. तेव्हापासून रोज दुपारी सात फोनवरून आठला वर्तमानपत्र वाचून दाखवी. निधनवार्ता अगदी शेवटी, कारण त्यात ओळखीचं कोणी निघालं की पुढचं वाचणं होत नसे.

मुलाचंही एक टोपणनाव होतं, पण ते त्याला आवडत नसे. पाणीपुरवठा कार्यालयात तो तक्रारींच्या खिडकीवर बसे आणि तिथे सगळे त्याला बटणराव म्हणत. दोष त्याचाच होता. जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायच्या आधी ब्राउझरचा विषय उघडी. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका ब्राउझरची नवी आवृत्ती लोकांच्या हाती पडायच्या आधी कच्च्या स्वरूपात चाचणीसाठी ठेवलेली असते, ती कोणालाही उतरवून घेता येते आणि रोज सकाळी ती आपोआप बदलते. ही कच्ची आवृत्ती वापरायची, कुठलं बटण कुठे सरकलं ते हेरायचं, चित्र काढून त्यावर लाल बाण मारायचा आणि असल्याच हौशी मंडळींच्या गटात टाकायचं, हा त्याचा छंद. कार्यालयात त्याचं कोणी ऐकत नसे. त्या गटात मात्र परक्या देशांतले लोक त्याचे आभार मानत. तिथे तो कोणीतरी होता.

गेल्या महिन्यात टॅबची, म्हणजे उघडलेल्या पानांची, आडवी ओळ एका सकाळी डाव्या बाजूला उभी झाली, तेव्हा तो ऑफिसला उशिरा पोचला होता. पहिला बाण त्याचाच लागला. बदलाबद्दल मत देताना त्याने मोठ्या जाणकारीने लिहिलं होतं, की सामान्य वापरकर्त्याला हा फरक जाणवणारही नाही.

संगणक घरात एकच होता. बायको सगळं मोबाइलवर करी. त्यामुळे ही कच्ची आवृत्ती वापरणारे घरात दोघेच होते. एकाला बदल शोधायची हौस होती. दुसरीला बदल होतात हेच माहीत नव्हतं. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात कशी आली नाही, असं कोणीही विचारेल. आली नाही, कारण खिडकीवर बसून लोकांचं ऐकायचा त्याला पगार मिळत असे आणि घरी आल्यावर आईचं बोलणं ही तक्रार असू शकते, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

“आईंनी आज मला कपाटाची किल्ली दिली,” बायको एकदा म्हणाली. “म्हणाल्या, तुझ्याकडेच असू दे, माझा आता भरवसा नाही.”

“वय झालंय तिचं.”

“वय तर गेल्या वर्षीही झालेलं होतं. गॅसला हात लावत नाहीत. आठमावशींचा फोन वाजत राहतो, उचलत नाहीत. तुझ्या काही लक्षात येतंय की नाही?”

“बोलतो मी तिच्याशी,” तो म्हणाला, आणि बोलला नाही.

शेवटी आईच बोलली. तो ऑफिसला निघताना पायात बूट चढवत होता, ती समोर येऊन उभी राहिली. “मला डोक्याच्या डॉक्टरांकडे ने.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरीच नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी तिला डबे सापडेनात. मग घर सापडेना. शेवटी मी सापडेना.” आईचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा सरळ होता. “माझं तसं व्हायच्या आत मला कळलेलं बरं.”

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी आईला वार विचारला, तारीख विचारली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, ते आईने भराभर केलं. आधी सांगून ठेवलेले शब्द मागून विचारले, ते तिने ओळीने म्हणून दाखवले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने सेकंदकाटासुद्धा काढला.

डॉक्टरबाई हसल्या. “आजी, तुम्ही तर माझी परीक्षा घ्याल. विसरता काय नक्की?”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चूक कबूल करणाऱ्या शाळकरी मुलीसारखी ती खाली बघत बोलू लागली. “संगणकावर मी पेपर वाचते. अक्षरं मोठी करायचं एक बटण आहे. ते मला आज उजवीकडे दिसतं, उद्या डावीकडे. कधी दिसतच नाही. आणि खरं सांगू का? मला नसलेलंही दिसतं. एक दिवस वरची सगळी पानांची ओळ बाजूला उभी झालेली दिसली. दोन दिवसांनी बघते, तर पुन्हा आडवी.”

“घरी कोणाला विचारलंत?”

“मुलाला विचारलं ना. तो म्हणतो, सगळं जिथल्या तिथे आहे, तुझंच लक्ष नसतं. तो कशाला खोटं सांगेल?”

उभी झालेली ओळ. ती आईने पाहिली होती, जशीच्या तशी पाहिली होती, आणि त्याच सकाळी त्याने त्या ओळीवर लाल बाण मारून जगभर वाहवा मिळवली होती. सामान्य वापरकर्त्याला जाणवणारही नाही. सामान्य वापरकर्ता त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून आपलं डोकं फिरल्याचा पुरावा देत होता.

“तुमच्या काही पाहण्यात आलंय?” डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं.

आता बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की या शहाण्या दिसणाऱ्या बाई आपल्याकडे कशा बघतील, याचाच विचार त्याच्या मनात आधी आला.

“नाही,” तो म्हणाला. “म्हणजे, ती सांगते तेवढंच.”

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितलं, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. काळजीसारखं काही दिसत नाही, पण लक्ष ठेवा, म्हणाल्या. आणि तोवर संगणक बंद, उगाच डोक्याला ताण नको.

रस्ता ओलांडताना आईने त्याचा दंड धरला. एरवी ती धरत नसे. “माझ्यापायी तुझी रजा गेली रे,” ती म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी पोचताच त्याने आधी संगणक लावला. कच्ची आवृत्ती काढून टाकली, साधी, सगळं जग वापरतं ती बसवली. पुस्तकाचं चित्र उजव्या कोपऱ्यात आलं. पानांची ओळ वर आडवी होतीच. आता काही सरकणार नव्हतं. चूक सुधारली, प्रश्न मिटला, सांगून तिला आणखी त्रास कशाला द्यायचा, असं तो स्वतःला समजावत राहिला. त्रास कोणाचा वाचत होता ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी त्याने तिला जवळजवळ हात धरून संगणकासमोर बसवलं. “डॉक्टर नको म्हणाल्यात,” ती म्हणाली. “एकदाच बघ,” तो म्हणाला. तिचा हात उजव्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथे थांबला. तिने बटण दाबलं. पान मोठं झालं. बंद करून तिने पुन्हा दाबलं. उठून स्वयंपाकघरात जाऊन आली आणि पुन्हा दाबलं.

“आहे रे,” ती म्हणाली.

मग ती रोज बघू लागली, दिवसातून दोनतीनदा. आठला फोन मात्र करेना. मध्येच पुन्हा फसले तर तिला काय सांगू, म्हणे.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. आईची कळी बऱ्याच दिवसांनी खुलली होती. “गोळ्या लागू पडल्या बघ मला,” ती सुनेला म्हणाली. “सगळं जागच्या जागी सापडतं. याने मुकाट्याने नेलं म्हणून. दुसरा असता तर म्हणाला असता, म्हातारीला खूळ लागलंय.” आणि तिने डावा हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला. “लहानपणी कधी हट्ट केला नाही, आता कधी हाडतूड केली नाही. असा मुलगा मिळायला नशीब लागतं.”

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“आई, गोळ्यांनी नाही झालं ते,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. नीट सांगता आलं नाही. कच्ची आवृत्ती, गट, बाण, सगळं एकात एक मिसळत गेलं. ज्या विषयावर तो ऑफिसात तासभर न थांबता बोलत असे, त्या विषयावर त्याला वाक्य जुळवता येईना. बायको हातातला चमचा खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

आईने पूर्ण ऐकून घेतलं. “म्हणजे ती ओळ खरंच उभी झाली होती?”

“हो.”

“तू पाहिली होतीस?”

“हो.”

“आणि मी विचारलं तेव्हा?”

“तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं, आई. खरंच नाही आलं. मला वाटायचं, तू...”

“आणि डॉक्टरांसमोर?”

त्याची मान खाली गेली. “तिथे कळलं होतं.”

बायको उठली आणि त्याच्या ताटाकडे न बघता आपलं ताट घेऊन आत गेली.

“मी झोपताना तुमची नावं म्हणायचे,” आई म्हणाली. “तुझं, हिचं, आठचं. आणि सकाळी उठले की आधी पुन्हा म्हणून बघायचे. राहिलीत का गेली.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पाणी पिऊन, हात धुऊन ती आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आईने सुनेकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. आपला चहा आपण केला. त्याच्याशी बोलली, पण कामापुरतं. दूध आलं का, पेपरवाला येऊन गेला का. तो दिवसभर घरात परक्यासारखा वावरत होता. आई, चुकलं माझं, हे तीन शब्द त्याने कितीदा जुळवले, पण ती समोर आली की त्याचं तोंडच उघडेना.

दुपारी ती संगणकासमोर बसली. पान मोठं केलं आणि फोन लावला. तो चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आठचा आवाज पहिल्यापासून खणखणीत, फोनबाहेर ऐकू येणारा.

“सात! अगं, होतीस कुठे इतके दिवस? मला वाटलं, गेलीस की काय! आजारी होतीस?”

आता सांगेल, त्याला वाटलं. जगात एका माणसाला तरी आई हे सांगणारच, आणि ते आठच असणार. सांगावंच तिने. ऐकून घ्यायला तो तयार होता, आजवर कुठल्याच तक्रारीसाठी इतका तयार नव्हता.

“मी कसली आजारी पडते?” आई म्हणाली. “संगणक बिघडला होता.”

“मग?”

“मुलाने नीट करून दिला.”

“गुणाचा आहे गं तुझा. आमच्याकडे कोणाला वेळ आहे!”

“हं,” आई म्हणाली. “चल, पहिल्या पानापासून घेते.”

ती वाचू लागली. शब्द स्वच्छ होते, कुठे अडत नव्हते. तिने एकदाही वळून बघितलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून त्याला कोणी म्हटलं नव्हतं, आणि तो कप हातात धरून दारातच उभा राहिला.