धोंडे जेवणातली वाटी

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे, मित्रांनो, आणि लहान असल्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही.

शालूच्या लग्नात तिच्या आईने, सिल्लोडच्या पारूबाईंनी, मला शहागंजच्या बाजारातून घेतले आणि माझ्या बुडावर स्वतःचे नाव कोरून घेतले. शालूबरोबर मी बजाजनगरात आले. तिचा नवरा अंगद भलताच खवय्या! मोठमोठ्या वाडग्यांपुढे मला कोण विचारतो? मी आपली चटणीपुरती.

पुढे अंगदचे वजन इतके वाढले की चार पावले चालले तरी धाप लागे. डॉक्टरांनी ऑपरेशन करून त्याचे पोट लहान केले. तेव्हापासून वाडगे फळीवर गेले आणि त्याचे अख्खे जेवण माझ्यात मावू लागले. मी मिरवले, का नाही मिरवणार?

पण एका बारशात लोकांनी आग्रह करकरून त्याला जिलेबी खायला लावली. त्या लहानग्या पोटाला एवढे गोड कुठले सोसायला! दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात पिळा. संडास गाठेपर्यंत चारचौघांत त्याची शोभा झाली. घरी येऊन तो लेकरासारखा रडला. आग्रह करणाऱ्यांचा मला असा संताप आला म्हणून सांगू!

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे म्हणून सासूचे बोलावणे आले. अंगदने मला पिशवीत घातले.

पंगतीत ताट आले. धोंडे, वर तुपाची धार. अंगदने ते बाजूला सारून मला पुढे ठेवले.

"मामी, यात नुसतं वरण वाढा. गोड सोसत नाय मला," तो सासूला म्हणाला.

"एक तरी खावा, पाव्हणं," पारूबाईंनी गळ घातली. "जावई उपाशी उठला म्हणतील लोक."

"पाव्हणं धोंड्याला भ्याले की!" शेजारचे चुलत सासरे नानासाहेब हसले.

अंगद पेचात पडला. खावे तर बारशाची गत, न खावे तर सासूचा अपमान. हटू नकोस रे, मी मनात ओरडले.

"नाय खाणार," अंगद ठाम बोलला. "तुमचा मान मोडत नाय मी, मामी. रोज तुमच्याच वाटीत जेवतो." त्याने मला उलटे करून बुडावरचे नाव दाखवले.

पारूबाईंनी आपले नाव बोटाने चाचपले. मग त्या नानासाहेबांकडे वळल्या. "हसू नका. जावई माझा हाय." आणि स्वतः पळीभर वरण माझ्यात ओतले.

मित्रांनो, पाहुण्यावर माया जरूर करा. पण त्याने हात आडवा धरला की पळी मागे घ्या. नाही घेतलीत, तर मी आहेच उलटी पडायला!