खाणावळीच्या टेबलावरची खाच

मित्रांनो, जरा जवळ या. त्या लाल दोरीला हात लावू नका, संग्रहालयाचा रखवालदार लगेच खेकसतो. पण मान पुढे काढून माझा डावा काठ बघा. दिसली ती खाच? बोटाचं पेर आत जाईल एवढी खोल आहे. शेजारच्या पितळी पाटीवर लिहिलंय, की ओहायोचे एक बाणेदार खासदार गुलामगिरीच्या वादात इतके संतापले, की त्यांनी हातातली सुरी टेबलात खुपसली. रोज कोणीतरी ही पाटी मोठ्याने वाचतं आणि रोज माझ्या अंगाचा तिळपापड होतो. खोटं आहे ते, साफ खोटं!

मी अक्रोडाच्या लाकडाचं, आता म्हातारं झालेलं जेवणाचं टेबल. पेन्सिल्व्हेनियातल्या एका सुताराने मला घडवलं. मधोमध जादा फळ्या घालून मला लांब करता येतं, याचं तेव्हा फार कौतुक होतं. वॉशिंग्टनला ग्रिम्सलीबाई नावाच्या विधवेने खाणावळ काढली आणि मला तिथे नेलं. संसदेचं अधिवेशन असलं, की खासदार अशाच घरांतून खोल्या घेऊन राहायचे आणि एकाच टेबलावर जेवायचे. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेचे आणि गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेचे, मांडीला मांडी लावून. माझी छाती अभिमानाने फुगायची, खोटं कशाला सांगू? देशाचा कारभार माझ्या पाठीवर चालतोय, असं वाटायचं.

पण बाईंचा एक नियम होता. जेवताना गुलामगिरीचा विषय काढायचा नाही. जो काढील, त्याने सगळ्यांना वाइन पाजायची. का, तर पंगतीत वितुष्ट नको. सगळ्यांना हा नियम फार आवडला. विषय निघालाच, तर 'आपला तो प्रश्न' म्हणायचे, हसायचे आणि रस्सा पुढे सरकवायचे. आणि तो रस्सा वाढत कोण होतं? केझाया. बाईंच्या मालकीची स्वयंपाकीण. 'तो प्रश्न' भांडं हातात घेऊन त्यांच्या खांद्यामागे उभा असायचा, आणि यांना दिसायचा नाही.

केझायाची लेक टेम्पी. ती मला मेण लावून घासायची, अगदी पायांच्या खोबणीतसुद्धा. शिवणात तिचा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं. १८५०च्या उन्हाळ्यात बाईंच्या भाचीचं लग्न ठरलं, दूर नॅचेझला, मिसिसिपीच्या काठी. बाई जेवताना कौतुकाने म्हणाल्या, "आहेरात मी टेम्पीला देणार. थंडी पडली की पाठवीन."

केझायाच्या हातातलं भांडं हललं नाही. "हो, बाईसाहेब," एवढंच ती म्हणाली. पण मागच्या बाजूला माझ्या काठावर तिची बोटं घट्ट रुतली होती.

उत्तरेतल्या ओहायोचे खासदार पेटिबोनसाहेब माझ्याच काठाशी जेवायचे. गोरेपान, मऊ बोलणारे. गुलामगिरी पाप आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. दुसऱ्या दिवशी सगळे उठून गेल्यावर ते रेंगाळले.

"मावशी, मी काल ऐकलं ते," ते कुजबुजले. "पोरीला आमच्याकडे धाडता येईल. माझ्या ओळखीची माणसं वाटेत आहेत."

"आणि पकडली तर, साहेब?"

"ओहायोत? पळालेल्यांना परत द्यायचा जुना कायदा आहे, पण आमच्याकडे तो पाळतो कोण! तिथल्या मातीला पाय लागला, की तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. माझा शब्द."

टेम्पी गेली. बाईंनी आकाशपाताळ एक केलं, केझायाच्या दोन मुस्कटात ठेवल्या. पण ती बधली नाही. मग एका सकाळी कॉफी ओतून घेताना पेटिबोनसाहेब मान वर न करता म्हणाले, "पोचली. माझ्या गावच्या शिंप्याकडे शिवते." केझाया स्वयंपाकघरात गेली आणि चक्क गाणं गुणगुणायला लागली. त्या घरात तिचं गाणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

इकडे संसदेत तडजोडीची मोट बांधणं चाललं होतं. उत्तरेला हे द्या, दक्षिणेला ते द्या, म्हणजे देश फुटायचा नाही. उत्तरेला कॅलिफोर्निया हे नवं राज्य गुलामगिरीशिवाय मिळणार होतं. त्याच्या बदल्यात दक्षिणेला नवा कायदा: पळालेला गुलाम कुठेही सापडो, त्याला पकडून परत द्यायचा, त्याची साक्ष ऐकायची नाही, आणि रस्त्यावरच्या माणसालाही धरपकडीत हात लावावा लागेल. दक्षिणेतल्या जॉर्जियाचे खासदार कर्नल टाल्बर्ट हे सगळं माझ्यावर मिठाच्या आणि मिरीच्या डब्या मांडून समजावून सांगायचे. केझाया त्या डब्या उचलायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. तिला सगळं कळत होतं.

त्या कायद्यावर मतदान होतं त्या दुपारी केझाया माझ्या काठाशी उभी राहून हॅम कापत होती. दार उघडलं आणि पेटिबोनसाहेब आत आले. खुर्ची ओढून बसले.

"काही खायला मिळेल का, मावशी?"

"साहेब, आज मतं पडायची ना?"

"पडत असतील."

"मग तुम्ही इथे कसे?"

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "त्या कायद्याला मी हो म्हणणार नाही. प्राण गेला तरी नाही."

"मग नाही म्हणा की! पळत जा. संसद काय लांब आहे?"

"तुला नाही कळायचं. नाही म्हटलं तर सगळी तडजोड मोडेल, दक्षिणवाले उठून जातील. म्हणून आमच्यातले पुष्कळ जण आज गेलेच नाहीत. माझं मत कुठल्याच बाजूला नाही. माझे हात स्वच्छ आहेत."

"तुमचे हात नेहमीच स्वच्छ असतात, साहेब. धुवायचं पाणी मीच तर आणते. आणि माझी टेम्पी?"

"अगं, ओहायोत मी आहे ना!"

"कुठे आहात?" केझाया म्हणाली. "तुम्ही तर इथे हॅम खायला बसलाय."

आणि तिने सुरी उचलून माझ्या काठात खुपसली. दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा भार टाकून. मित्रांनो, दुखलं मला. पण मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, की या टेबलावर कोणीतरी खरं बोललं.

संध्याकाळी कायदा मंजूर झाल्याच्या तोफा उडाल्या. कर्नल टाल्बर्ट वाइनच्या बाटल्या घेऊन आले. "देश वाचला! ओता, ओता!" तेवढ्यात बाईंना खाच दिसली. "हे कोणी केलं?" त्या किंचाळल्या. केझाया दारात उभी होती. तिने ओठ उघडले, तोच पेटिबोनसाहेब उठले. "मी केलं. रागाच्या भरात."

"अरे वा!" कर्नल हसत म्हणाले. "पेटिबोन, तुम्हाला चावायला दातही आहेत तर!"

केझाया चाबकापासून वाचली. तेवढ्यापुरता तो भला माणूस होता, हे मी नाकारत नाही. पण ती गोष्ट गावभर झाली, त्यांच्या गावापर्यंत पोचली आणि ते शूर ठरले. त्यांनी ती कधी खोडली नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा एका सकाळी बाई न्याहारीला हसतच आल्या. "टेम्पी सापडली! शिंप्याच्या दुकानातूनच उचलली. तिथूनच परस्पर बोटीने नॅचेझला धाडायला सांगितलंय."

पेटिबोनसाहेबांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "पुढच्या अधिवेशनात मी यावर भाषण करणार आहे." आणि त्यांनी कॉफी मागितली.

केझायाने ओतली. त्या दिवसापासून ती त्यांची थाळी नेमकी या खाचेशी मांडायची. ते खुर्ची सरकवायचे, ती थाळी पुन्हा तिथेच आणायची. शेवटी त्यांनी खाणावळ बदलली.

तडजोडीने उत्तर-दक्षिण लढाई टळली म्हणतात. कसली टळली? दहा वर्षांनी ती आलीच, आणि माझ्यावर जखमी पोरांना झोपवून त्यांचे पाय कापले गेले. लढाई चालू असतानाच या शहरातले गुलाम मोकळे झाले. केझायाने एप्रन सोडला, घडी करून माझ्यावर ठेवला आणि म्हणाली, "जाते मी. माझी लेक शोधायचीय." नॅचेझपर्यंतची वाट लढाईने पेटलेली होती. ती पोचली का, टेम्पी भेटली का, मला माहीत नाही. मी कुठे जाणार विचारायला? हाच माझा खरा संताप आहे.

मग मी अडगळीत पडलो, धूळ खाल्ली, आणि आता इथे मानाने उभा आहे. पुढच्या आठवड्यात माझी डागडुजी करायला माणूस येणार आहे. तो म्हणत होता, खाच तशीच ठेवू, लोकांना ती गोष्ट आवडते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळे सांगतात. मी सांगतो, मला नाही जपलंत तरी चालेल. वाळवी लागो, पाय मोडोत. पण घरी जाऊन कोणाला माझ्याविषयी सांगाल, तर एवढंच सांगा, की ती सुरी केझायाने मारली होती, आणि तिच्या लेकीचं नाव टेम्पी होतं.