एका वॉलेटला एकच

[ वॉलेट जोडा ]

धनश्रीनं जोडलं.

वॉलेट म्हणजे फोनमधलं पाकीट. क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवरचे पैसे, ठेवायचं. धनश्रीच्या पाकिटात काहीच नव्हतं, पण फोनवरच्या त्या खेळात आज शेले फुकट वाटत होते आणि घ्यायला वॉलेट लागायचं. खेळात एक गाव होतं. आकाश जांभळं. तिथं धनश्री म्हणजे लाल केसांची उंच बाई, आणि तिचा भाऊ माऊली म्हणजे एक निळा माणूस.

खऱ्या गावात, खुटबावात, माऊली वर्षभर आला नव्हता. कारेगावात कंपनीत कामाला होता. तिथंच लाइनवर काम करणाऱ्या, बिहारच्या सुषमाशी त्यानं लग्न केलं. नोंदणी. सह्या. मांडव नाही, हळद नाही. त्या दिवशी वडील, मल्हारी, अंगणात उभे राहून म्हणाले, या घरातनं त्याला फोन जायचा न्हाई. आई, सगुणाबाई, आत भाकरी थापत राहिली.

फोन गेला नाही. बहीणभाऊ जांभळ्या आकाशाखाली भेटत, टाइप करून बोलत. आईनं एकदा त्याच्याशी बोलावं, एवढंच धनश्रीला हवं होतं. आईला सांगायचं धाडस होत नव्हतं.

[ मिळवा ]

"कुणाला हसतीयास गं?"

"शेला मिळाला, आये. ह्या बाईला घालायला. फुकट."

"दाव." सगुणाबाईनं फोन लांब धरून पाहिला. "काठ बरा हाय. घातलास का?"

"आता घालते."

"थांब. नवं कापड तसंच अंगावर घेत्यात व्हय?"

ती देवापुढचा करंडा घेऊन आली. हळदीत बोट बुडवलं.

"आये, काच हाय ती!"

"कापडाला लावतीया. काचंला न्हाई."

[ पाठवा ]

हळदीचं बोट शेल्याच्या कोपऱ्यावर टेकलं. कोपऱ्यात बटण होतं. आणि पाठवायच्या यादीत एकाच वॉलेटचा पत्ता होता, कारण धनश्रीनं आजवर एकालाच खेळातली टोपी पाठवली होती.

[ नक्की? ]

कुंकवाचं बोट.

[ पाठवला ]

"अगं आये!"

"काय झालं?"

"गेला की गं शेला!"

"कुठं गेला?"

मैत्रिणीला गेला, असं म्हणता आलं असतं. पण जांभळ्या आकाशाखाली निळा माणूस येऊन उभा राहिला होता, खांद्यावर सोनेरी काठाचा शेला. त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली:

धने हा शेला कुठनं आला

"ह्यो निळा कोण?"

"आपला माऊली हाय, आये."

सगुणाबाईनं काच पुसायला पदर उचलला. पुसली नाही. काचेवरची हळद निळ्या माणसाच्या गालावर आली होती. तो जरा सरकला, तर कानावर.



"निळा का पण?"

"रंग आपण निवडायचा असतो."

"मग बरोबर. त्याला कवा सरळ कायी आवडलंय?" मग खालच्या आवाजात, "इचार त्याला. नीट बसला का अंगावर."

धनश्रीनं टाइप केलं. आई विचारतीय, नीट बसला का.



माऊली लिहीत आहे.

थांबलं.

माऊली लिहीत आहे.

थांबलं.

बसला

"येकच शबुद!" सगुणाबाई म्हणाली. "बापावर गेलाय." तिनं नाक ओढलं. "आन् तिला?"

"कुणाला?"

"तिला गं. एकट्याला कापड देत्यात व्हय? जोडीनं द्यायचं असतं."

"एका वॉलेटला एकच मिळतो, आये. माझा संपला."

"मग माझं काढ की येक."

[ नवीन वॉलेट ]

नाव: सगुणा.

"ह्ये काही गुपित शब्द दिल्यात. जपून ठेवायचे, कुणाला सांगायचे न्हाईत."

"वर्षभर काय काय ठिवलंय पोटात. ह्ये बी ठिवते."

नव्या वॉलेटवर दुसरा शेला मिळाला. माऊलीनं सुषमाच्या वॉलेटचा पत्ता पाठवला. सगुणाबाईनं या वेळी बोट धुऊन आधी बटण कुठंय ते विचारून घेतलं, आणि स्वतःच्या हातानं दाबलं.

निळ्या माणसाच्या शेजारी एक ठेंगणी मुलगी आली. शेला तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता.

"हिचं कान असं का?"

"कोल्ह्याचे हायत. फुकट मिळाले असतील."

"असू दे. ग्वाड दिसतीया."

मुलगी वाकली. डोक्यावर अक्षरं आली, एकेक करत, जणू कुणाला विचारून विचारून लिहिलेली: आई पाया पडते

"माझ्यावानीच हळू लिवती," सगुणाबाई म्हणाली, आणि तेवढ्यात दारात पावलं वाजली.

मल्हारी गोठ्यातून आले होते. "कसला गोंगाट चाललाय मघापासनं?"

धनश्रीनं फोन उपडा करायला हात पुढे केला. सगुणाबाईनं तो हात धरून ठेवला.

"सुनंला कापड दिलं," ती म्हणाली.

मल्हारी उंबऱ्यातच थांबले. फोनकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. खांद्यावरचा टॉवेल काढून खुंटीला अडकवायला त्यांना फार वेळ लागला.

"कितीचं?"

"फुकट मिळालं."

"फुकटातलं?" ते गर्रकन वळले. "घरच्या सुनंला फुकटातलं कापड देतीयास व्हय गं?"