दोरीवर बगळा बसत नाही

मी हेला बोलतोय. पुस्तकांत मला रेडा म्हणतात, पण आमच्या अर्जुनीकडच्या धानपट्ट्यात रेडा म्हणून हाक मारलीत तर मी मान वळवूनही बघणार नाही. माझं नाव भुऱ्या. कवठीटोल्याच्या शिवारात, इटियाडोहच्या कालव्याकाठी मोहाच्या झाडाखाली मी बांधलेला असतो. समोर फुटबॉलचं मैदान आहे आणि मैदानापलीकडे गोदामाची भिंत. त्या भिंतीवर काय रंगवलंय ते शेवटी सांगेन. ते आठवलं की माझं डोकं तापतं, आणि तापल्या डोक्याने धड गोष्ट सांगता येत नाही.

माझा जन्म देवरीकडच्या जंगलातल्या एका गोठ्यात झाला. सुकरामने, माझ्या मालकाने, मला आणि चांद्याला बाजारातून जोडीने आणलं. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून बघणारे आधी त्याचंच कौतुक करायचे. पांढऱ्या रंगाशी माझं वाकडं आहे ते तेव्हापासून.

आमचं काम चिखलणीचं. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, पाणी सोडायचं आणि रोवणीआधी तो चिखल आम्ही तुडवून लोण्यासारखा करायचा. चिखलणी म्हटली की बगळे आलेच. माझ्या खुरांनी किडे उडायचे आणि तो पांढरा पाहुणा ते आयते टिपायचा. पोट भरलं की माझ्याच पाठीवर चढून पंख साफ करत बसायचा. कष्ट माझे, जेवण त्याचं, आणि वाटेने जाणारे म्हणणार, काय सुंदर बगळा आहे. मला कुणी सुंदर म्हटल्याचं आठवत नाही. सुकरामची बायको सुशिलाबाई तेवढी संध्याकाळी माझ्या अंगावर पाणी ओतताना मला 'माहा राजा' म्हणायची.

फुटबॉल गावात आला १९९९ साली. इटियाडोह धरणाच्या कॉलनीतले एक ओव्हरसियर बदली होऊन निघाले आणि जाता जाता आपला चेंडू रत्नपालला देऊन गेले. रत्नपाल बौद्धवाड्यातला, तेव्हा कॉलेजात शिकणारा, अंगाने काटक आणि जिभेने मोजका. त्याने पोरं जमवली. पण खेळायचं कुठे? आमच्याकडे जमीन म्हणजे धानाची. शेवटी सुकरामने कापणीनंतर आपल्या तीन बांध्या दिल्या. मधले धुरे, म्हणजे बांध, फोडायचे, उन्हाळा संपेपर्यंत खेळायचं आणि पाऊस लागायच्या आत धुरे पुन्हा घालून द्यायचे, असं ठरलं. ते आजही तसंच चालतं. आमचं मैदान दरवर्षी नव्याने जन्मतं आणि दरवर्षी धानाखाली जातं.

ते मैदान करायचं कुणी? मीच. धानाची धसकटं पायात घुसतात म्हणून चांद्या आणि मी पाटा ओढत त्यावर गोल गोल फिरायचो, धसकटं मोडायची, ढेकळं दबायची. फोडलेल्या धुऱ्यांची जागा मात्र कितीही तुडवली तरी जराशी उंचच राहायची. बगळा तेव्हाही माझ्या पाठीवर असायचा. त्या मैदानाच्या मातीला त्याचा पाय लागला नाही.

पहिला मोठा सामना गोंदियाच्या संघाशी झाला. ते जीप करून आले, पायांत बूट, अंगात एकसारखे कपडे. आमची पोरं अनवाणी आणि बनियनवर. गोलाचे खांब म्हणून बांबू रोवले, पण वरचा आडवा बांबू कुणी आणलाच नाही. मग सुकरामने माझ्या गळ्यातलं दावं सोडलं आणि दोन बांबूंच्या मधे ताणून बांधलं. मी तसाच मोकळा गोलामागे उभा राहिलो. दावं मधे झोळीसारखं लोंबत होतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.

आमची पोरं खाली मान घालून धावत होती, चेंडू दिसला की चौघे मिळून त्यावर पडत होती. गोंदियाचा कॅप्टन बंटी वैतागून आपल्या पोरांना म्हणाला, "ये लोग खेल नहीं रहे, हेले जैसे घुसे जा रहे हैं." तेवढ्यात रत्नपालने मारलेला चेंडू त्या धुऱ्याच्या उंचवट्यावर आपटला, बंटीच्या डोक्यावरून उडाला आणि गोलात गेला. आम्ही जिंकलो. गोंदियाची पोरं जीपमध्ये बसताना हेले, हेले म्हणून चिडवत गेली.

मला काय वाटलं म्हणून सांगू. छाती फुगली. गावात एक क्लब निघाला आणि त्याला नाव मिळालं ते माझं. त्या रात्री मी चांद्यालाही दोन घास जास्त खाऊ दिले.

पण आमचा गोलकीपर शालीकराम भडकला होता. त्याचं लग्न ठरत होतं आणि होणारा सासरा नेमका त्याच दिवशी सामना बघायला आला होता. आता आमच्याकडे माणसाला हेला म्हटलं की अकलेने जड असा अर्थ होतो. सासऱ्यादेखत हे ऐकल्यावर त्याचा जीव खालीवर झाला. पुढच्या हंगामात त्याने अर्जुनीहून पांढऱ्या जर्सी आणल्या आणि जाहीर करून टाकलं की आपला क्लब म्हणजे बगळे.

नुसतं नाव नाही, त्याने गोष्टही रचली. म्हणे पहिल्या सामन्याला एक बगळा आमच्या गोलाच्या आडव्या दांड्यावर येऊन बसला, शेवटपर्यंत हलला नाही, म्हणून आपल्यावर गोल झाला नाही. नवीन पोरं ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. गोदामाच्या भिंतीवर पेंटरकडून बगळा काढून घेतला, एका पायावर उभा, मान वाकडी. बसमधली माणसं खिडकीतून तो बघायची आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मत्सरी आहे, असं तुम्ही म्हणाल. आहेच. तुमचं नाव कुणी दुसऱ्याच्या पाठीवर चिकटवलं असतं तर तुम्ही काय आरती ओवाळली असती?

त्यातच गावात ट्रॅक्टर शिरला. चिखलणी तो करू लागला, मैदानही तोच सपाट करू लागला. एका बाजाराला सुकराम चांद्याला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. सुशिलाबाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी मात्र रोज त्या भिंतीकडे बघत एकच विचार करायचो. भिंतीवर माझं चित्र असतं तर मला बाजारात न्यायची कुणाची छाती झाली असती? बगळ्याला कोण विकतो? त्याला कामही नाही आणि भीतीही नाही.

२०१० साली क्लबने मोठा सोहळा केला. गोंदियाच्या संघाला सामन्याला बोलावलं. बंटी आता त्यांचा कोच होता, पोट सुटलेला. रत्नपाल मास्तर झाला होता आणि शालीकराम क्लबचा अध्यक्ष. मला मात्र त्या सोहळ्याचं कौतुक नव्हतं, कारण आदल्या संध्याकाळी मी गोठ्यातलं बोलणं ऐकलं होतं. सुकराम म्हणत होता की म्हातारा झाला, आता बसून खाऊन राहिला, येत्या बाजाराला नेतो. सुशिलाबाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

सोहळ्यात शालीकरामने माईक हातात घेतला आणि बगळ्याची गोष्ट सुरू केली. या वर्षी बगळ्याने पंखही पसरले होते. आडव्या दांड्यावर बसला इथपर्यंत तो आला आणि बायकांच्या घोळक्यातून सुशिलाबाई उठली.

"कोणत्या दांड्यावर बसला गा, शालीक?" ती म्हणाली. "दांडा होता कोठं? तं आमच्या भुऱ्याचं दावं होतं. मीच बांबूवरून सोडून आणलं संध्याकाळी. लोंबत्या दोरीवर बगळा बसत नाई."

शालीकरामने माईक या हातातून त्या हातात घेतला. तेव्हा पाहुण्यांच्या खुर्चीवरून बंटी हसू लागला.

"बगुला कौन?" त्याने विचारलं. "हम तो गोंदिया में आज भी बोलते हैं, हेलों के गाँव जाना है, संभल के खेलना."

रत्नपालने शालीकरामच्या हातातून माईक घेतला. तो फार बोलणारा नव्हे. एवढंच म्हणाला की गोंदियावाले भ्याले ते हेल्यांना, बगळ्यांना कुणी भीत नाही, आणि आपण इतकी वर्षं आपलंच नाव लपवलं. मग पोरांनी आवाज उचलला. हेले, हेले म्हणत सगळं मैदान दणाणलं. मी मोहाखाली उभा होतो. मीही मान उंचावून त्यांच्यात माझा आवाज मिसळला.

सामना आम्ही हरलो, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी सुकराम दावं घेऊन आला आणि बायकोला म्हणाला, "आता याले बाजारात कसा नेऊ वं? क्लबच विकला म्हणतीन लोकं."

सुशिलाबाईने माझ्यापुढे कोंड्याची टोपली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

तर आता भिंतीची गोष्ट. पेंटर आला. रत्नपालने हेला काढायला सांगितलं, पण शालीकराम अडून बसला की बगळा पुसायचा नाही. मोठी बोलाचाली झाली. शेवटी पेंटरने मधला मार्ग काढला. बगळ्याच्या खाली जागा रिकामी होती, तिथे त्याने मला रंगवलं. शिंगं छान काढलीत, डोळेही माझेच आहेत. पण बगळ्याचा तो एक पाय बरोबर माझ्या पाठीवर येऊन टेकला. मला बाजारातून वाचवलं त्या नावाचं चित्र, आणि त्यातही तो वरच.

आता मी थकलोय. दात झिजलेत, पाण्यापर्यंत जायलाही वेळ लागतो. खरा बगळा अजून येतो, माझ्या पाठीवर बसतो, समोरच्या भिंतीकडे बघतो आणि मान ताठ करतो. हाकलायला शेपटी उचलावी म्हटलं तर तीही आता पाठीपर्यंत पोचत नाही.

माझं एकच मागणं आहे. अर्जुनीच्या बसने कधी या वाटेने गेलात, तर कवठीटोल्याला खिडकीबाहेर बघा. त्या भिंतीवर तुमची नजर आधी पांढऱ्यावर जाईल, ते मला ठाऊक आहे. जाऊ द्या. पण तिथेच थांबू नका. जरा खाली बघा. तो ज्याच्यावर उभा आहे ना, तो मी.