झाकलेलं यंत्र

देवेशचा फोन आला तेव्हा चंद्रप्रकाश साकीनाक्याच्या कारखान्यात लेथवर उभा होता. साठी उलटली तरी सकाळचे चार तास तो कामाला येई.

"काका, एक सांगायचं राहिलं," मुलुंडहून पुतण्या बोलत होता. "काल तुमच्या लॅपटॉपवर नवं लिनक्स टाकलं ना, त्यात झाकण लावलं तरी मशीन झोपत नाहीये. आतून चालूच राहतं, मरणाचं तापतं. रविवारी येऊन बघतो. तोवर सरळ बंद करत जा. आणि झाकून-बिकून ठेवू नका हां."

चंद्रप्रकाशने चालू लेथ बंद केला.

यंत्र थांबलं की आधी झाकायचं, हे कारखान्यातल्या उस्तादाने त्याला सोळाव्या वर्षी कानफटात मारून शिकवलं होतं. त्यात समोर इमारत पाडत होते, घरभर धूळ. म्हणून आज सकाळी बायकोचा, वनमालाचा, व्यायामाचा व्हिडिओ संपल्यावर त्याने झाकण लावलं, लॅपटॉप गोधडीत घट्ट गुंडाळला आणि कपाटात जागा नाही म्हणून तिच्याच खाटेवर, पायथ्याशी ठेवला.

दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं जाऊन वनमालाची उजवी बाजू लुळी पडली होती. त्या पायाला सुई टोचली तरी तिला कळत नसे. आणि बाहेरून कुलूप लावून तो आला होता.

त्याने तिला फोन लावला. वाजत राहिला. शेजारच्या शर्मिष्ठाकडे जादा किल्ली होती; ती म्हणाली, "भावजी, मी बोरिवलीला लेकीकडे आलेय. काय झालं?" त्याने फोन ठेवला आणि घराकडे रिक्षा पकडली.

रिक्षा पुलाखाली अडकली ती अडकलीच. मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात मोबाइलची बॅटरी पेटली होती. ती पाण्यानेही विझेना, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. नोट रिक्षावाल्याच्या हातात कोंबून तो उतरला आणि पळत सुटला. घराकडचा असल्फ्याचा चढ तो न थांबता चढला. धूर दिसतो का म्हणून वर बघायचीही त्याला हिंमत होईना.

कुलूप काढून त्याने दार ढकललं.

आत धूर नव्हता. करपलेल्या कापसाचा वास मात्र होता.

"इतकी धाप कित्याक लागली तुमका?" वनमाला म्हणाली. "माझो फोन थय फळीवर ठेवलात. वाजान वाजान थकलो."

तिच्या पायाला टेकलेली गोधडी ओढून त्याने जमिनीवर फेकली. आतला पंखा घरघरत होता, बूड तव्यासारखं तापलं होतं. बटण दाबून धरून त्याने लॅपटॉप बंद केला आणि चादर वर केली. उजव्या टाचेवर लालभडक चट्टा होता, मधोमध फोड.

"कधीपासून लागत होता गो?"

"माका काय ठावक? पाय माझो आसतो तर कळला आसता."

तो तिथेच खाली बसला. अर्धा तास उशीर झाला असता तर, याच्या पुढचा विचार त्याला करवेना.

रविवारी देवेश आला. पहिल्यांदा मशीन झोपलं ते उठेचना, काळा पडदा. "वाट लागली," तो पुटपुटला. मग मशीन सुरू होताना वाचतं त्या सूचनांत त्याने एक ओळ वाढवली. "काका, हे झोपेचं सोंग घेत होतं. आता गाढ झोपेल." झाकण लावलं. पंखा थांबला. बारका दिवा सावकाश लुकलुकू लागला. उघडलं तर उठलंही.

"झकास! आता बिनधास्त वापरा."

चंद्रप्रकाशने मान हलवली. पण त्या दिवसापासून व्यायाम संपला की लॅपटॉप खाटेपासून लांब, उघड्या टेबलावर जातो. झाकण लावल्यावर तो पंजा त्यावर टेकवून बसतो, पार गार होईपर्यंत. मग उठून वनमालाच्या टाचेवर तोच पंजा ठेवतो.

"त्या पायाक कळणा नाय, तर तुमी हात कित्याक लावतात?" ती विचारते.

"माका कळता," तो म्हणतो. कारखान्यात निघताना दाराला आता तो कुलूप लावत नाही.